स्पोर्ट्स कारच्या चाकांवरची ब्रेकची काळी पूड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्शे ९११ किंवा ७१८, बीएमडब्ल्यू एम२, मर्सिडीज-एएमजी किंवा फोर्ड मस्टँग चालवणाऱ्यांकडून येणारे हे प्रश्न. उत्तरं रंगवलेल्या अलॉय चाकांना आणि ब्रेकच्या कास्ट आयर्नच्या (ओतीव लोखंडाच्या) डिस्कना धरून दिली आहेत. चाकं मॅट, डायमंड-कट किंवा बिनरंगाची असतील तर आधी प्रश्न ११ वाचा. डिस्क कार्बन-सिरॅमिक असेल तर १८.

१. गाडी परवाच धुतली, तरी पुढची चाकं पुन्हा काळी. ही पूड येते तरी कुठून?

ब्रेक दाबला की पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, म्हणजे डिस्कला घासतात, आणि झिजतात दोन्ही. पॅडमधून पोलादाचे तंतू, कार्बन आणि राळ सुटते, डिस्कमधून लोखंड. युरोपियन स्पोर्ट्स गाड्यांना कंपनीतून येणारे पॅड बहुधा लो-मेटॅलिक (थोडा धातू मिसळलेल्या) प्रकारचे असतात. ब्रेक थंड असतानाही ते पकडतात, पॅडलला चांगली जाणीव देतात आणि तापल्यावरही दगा देत नाहीत. त्याची किंमत म्हणजे ही पूड. त्यात डिस्क मोठी, वेग जास्त, आणि स्पोकही इतके मोकळे की सगळं बाहेरून दिसतं. चारही चाकांवर थोडीफार काजळी असेल तर गाडीत काही बिघाड नाही.

२. पुढची चाकंच जास्त काळी का होतात? माझ्या गाडीची तर मागची होतात.

ब्रेक लागताच वजन पुढे झुकतं, म्हणून बहुतेक गाड्यांत जास्त काम पुढचे ब्रेक करतात आणि पूडही तिथेच जास्त पडते. इंजिन मागे असलेल्या ९११ मध्ये मागच्या ब्रेकांचा वाटा इतरांपेक्षा मोठा असतो. शिवाय स्टॅबिलिटी कंट्रोल, वळणावर आतलं चाक धरणारी यंत्रणा आणि अॅडॅप्टिव्ह क्रूझ या गोष्टी बऱ्याच गाड्यांत तुमच्या नकळत मागचे ब्रेक वापरतात. डावं-उजवं सारखं असेल तर चिंता नको. नसेल तर प्रश्न १३ पाहा.

३. सोसायटीत गाडी पुसणारा रोज सकाळी चाकांवरही फडका मारतो. चालेल का?

नाही. ही पूड म्हणजे धारदार लोखंडी कण. ओल्या फडक्याने ती निघते कमी आणि लॅकरवर (चाकाच्या रंगावरच्या पारदर्शक थरावर) घासली जाते जास्त. वर तोच फडका त्याच बादलीत बुडवून बॉनेटवर फिरतो. उन्हात बॉनेटवर दिसणारे गोल गोल ओरखडे बऱ्याचदा असेच आलेले असतात. त्याला स्पष्ट सांगा: चाकांना हात लावायचा नाही.

४. चाकं किती दिवसांनी धुवावीत?

शहरात रोज फिरणारी गाडी असेल तर आठ ते दहा दिवसांनी. घाट उतरून आलात तर पुढच्या एक-दोन दिवसांत. ब्रेकमधून सुटणारा कण तापलेला असतो. तो लॅकरवर पडतो, तिथेच चिकटतो आणि ओल मिळाली की गंजायला लागतो. गंजताना फुगतो आणि भोवतीचं लॅकर उचलतो. कोरड्या हवेत याला वेळ लागतो. पावसाळ्यात, आणि मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत तो वेळ मिळत नाही.

पूड मुळातच कमी पडावी असं वाटत असेल तर खंडाळ्याचा घाट मुंबईकडे उतरताना गिअर मॅन्युअलला घेऊन एक-दोन खालचे टाका. ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये ठेवून ब्रेकवर पाय टेकवत उतरलं की खोपोलीला पोचेपर्यंत पॅड आणि डिस्क भाजून निघतात.

५. चाक धुण्याची नेमकी पद्धत सांगा.

सामान: चाकांसाठी वेगळी बादली (तिच्यावर मार्करने ‘चाक’ लिहून टाका), पीएच-न्यूट्रल (ना अॅसिड, ना कॉस्टिक) व्हील क्लीनर किंवा कार शॅम्पू, स्पोकच्या मागे जाणारा लांब मऊ ब्रश, बोल्टच्या खाचांसाठी छोटा ब्रश, जुना मायक्रोफायबर मिट (धुण्याचा हातमोजा) आणि पुसायला वेगळं मायक्रोफायबर. ब्रशची दांडी पूर्ण रबर किंवा प्लॅस्टिकने मढवलेली असावी. आतली उघडी तार लागली की बॅरलवर (चाकाच्या आतल्या गोल भिंतीवर) चरा पडतो.

आधी चाक गार होऊ द्या. स्पोकला हात लावून कळत नाही, कारण डिस्क त्याहून बराच वेळ तापलेली राहते. घाटातून आल्यावर निदान अर्धा-पाऊण तास थांबा. लालबुंद तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकू शकते, तडकूही शकते. आणि गरम चाकावर केमिकल क्षणात वाळतं. काम सावलीत करा, चाकं आधी आणि बॉडी नंतर.

एका वेळी एकच चाक घ्या. पाण्याने भरपूर धुऊन सुटी पूड काढा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल साधारण एक फूट लांब धरा आणि टायरच्या बाजूवर किंवा व्हॉल्व्हवर रोखू नका. मग क्लीनर मारा, दोन-तीन मिनिटं द्या आणि क्रमाने जा: आतलं बॅरल, स्पोकची मागची बाजू, बोल्टच्या खाचा, शेवटी दर्शनी भाग. उलट गेलात तर बॅरलमधला काळा ओघळ धुतलेल्या स्पोकवर येतो. बॅरलमध्ये चिकटवलेली बॅलन्सची वजनं असतात, तिथे ब्रश हलक्या हाताने. कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) त्याच साबणाने पुसून घ्या.

भरपूर पाणी मारून शेवटी लगेच पुसा. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग पूडीइतकेच चिवट असतात. पाणी फार जड असेल तर शेवटची बादली आरओची किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची घ्या. मग गाडी थोडी फिरवून आणा (का, ते प्रश्न १५ मध्ये).

६. आयर्न रिमूव्हर वापरावा का? तो जांभळा का होतो?

साबणाने न निघालेल्या, रुतून बसलेल्या लोखंडासाठी तो आहे. त्यात थायोग्लायकोलेट जातीचं क्षार असतं. ते लोखंडाला धरतं, विरघळवतं आणि त्या क्रियेत जांभळा-लाल रंग येतो. पीएच बहुधा न्यूट्रलच्या आसपास असल्याने शाबूत लॅकरला त्रास होत नाही.

चाक आधी साबणाने धुऊन घ्या. १९-२० इंची चाकाला ५० ते ७० मिली पुरतं. तीन ते पाच मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, ब्रशने हलवा आणि भरपूर पाणी मारा. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला वापरणं म्हणजे पैसे गटारात सोडणं, कारण रोजची सुटी पूड शॅम्पूनेच निघते. डांबर, ग्रीस किंवा टायर पॉलिशचा चिकटा याने जाणार नाही. त्याला टार रिमूव्हर लागतो.

वास सडक्या अंड्यांचा येतो, म्हणून उघड्यावर वापरा आणि हातमोजे घाला. दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये, विशेषतः अॅसिडमध्ये, मिसळू नका.

७. जांभळे ओघळ चाकावर वाळून बसले. आता?

घासू नका. त्याच जागी तेच औषध पुन्हा फवारा, ओघळ ओले झाले की मिनिटभरात ब्रश फिरवून धुवा. मग साबण. बहुतेक वेळा सगळं निघतं. सिमेंटच्या फरशीवरचे डाग मात्र राहू शकतात, म्हणून काम सुरू करण्याआधीच फरशी ओली करून ठेवा.

८. टॉयलेट क्लीनर, लिंबू, व्हिनेगर, पेट्रोल, भांड्यांचा साबण: यातलं काय चालेल?

टॉयलेट क्लीनर अजिबात नाही. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं आणि ते अॅल्युमिनियम खातं. लॅकरला एखादी बारीक चीर असली की आत शिरतं. पहिल्या दिवशी चाक चकाचक दिसतं, काही आठवड्यांनी लॅकर फुगून सोलायला लागतं. लिंबू आणि व्हिनेगर सौम्य, पण रुतलेल्या लोखंडापुढे निरुपयोगी. पेट्रोल आणि थिनर लॅकर मऊ करतात. शिवाय डिस्कवर उडालेलं काहीही तेलकट थेट ब्रेकिंगवर येतं. भांड्यांचा साबण अडीअडचणीला ठीक. वॅक्स मात्र उतरवतो.

९. मी गाडी वॉशिंग सेंटरला देतो. तिथे काय सांगायचं?

चार गोष्टी. एक, अलॉय उजळायला ठेवलेलं अॅसिड माझ्या चाकांना नको. त्याच्या कॅनवर नाव नसतंच बऱ्याचदा, आणि काहींत फ्लोराइडचं अॅसिड असतं, जे मारणाऱ्याच्या कातडीलाही घातक. दोन, गाडीच्या पोटाला डिझेल किंवा ऑइलचा फवारा नको. तो फवारा डिस्क आणि पॅडवर बसतो आणि पॅडने एकदा तेल प्यायलं की ते बदलावेच लागतात. तीन, टायर पॉलिश ब्रशने टायरच्या बाजूला लावा. स्प्रे मारू नका, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाला तर अजिबात नाही. चार, चाकांचा कपडा बॉडीला नको. यातलं काही ऐकायची तयारी नसेल तर सरळ म्हणा, ‘चाकं राहू द्या, फक्त पाणी मारा.’

१०. धुतल्यावरही बारीक नारिंगी ठिपके राहतात. ते कसे काढायचे?

हे गंजलेले कण. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या चाकावर बोटं फिरवा. खरखर लागली तर कण अजून वर आहेत: आयर्न रिमूव्हर दोनदा, मग भरपूर साबण-पाणी लावून क्ले (रुतलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा). क्ले खाली पडली तर फेकून द्या, आणि चाकांची क्ले बॉडीला कधीच वापरू नका. गुळगुळीत लागूनही ठिपका दिसत असेल तर तो डाग लॅकरमध्ये उतरलाय. बारीक पॉलिशने फिका होईल, कदाचित जाईल.

नख अडकतं, कड उचललेली दिसते, अशा अवस्थेत कुठलंही रसायन उपयोगाचं नाही. चाक रंगवूनच घ्यावं लागेल. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात आणि जास्त उष्णतेने अलॉयची ताकद उतरू शकते. म्हणून फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) चाक देताना भट्टीचं तापमान आणि वेळ विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर ओला रंग करणारा शोधा.

११. माझी चाकं मॅट / डायमंड-कट / पॉलिश केलेल्या उघड्या अॅल्युमिनियमची आहेत. काय बदलतं?

मॅट: पॉलिश नाही, चमक आणणारं वॅक्स नाही, क्लेही नाही. घासलेला भाग चमकायला लागतो आणि तो डाग कायमचा. शॅम्पू आणि आयर्न रिमूव्हर चालतो.

डायमंड-कट: लेथवर कापलेला दर्शनी भाग आणि वर लॅकरचा पातळ थर. कडेला टवका उडाला की ओल आत जाते आणि लॅकरखाली पांढरे धागे पसरत जातात. अॅसिड याचा काळ. पुन्हा कापता येतं, पण दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे एक-दोनदाच.

उघडं किंवा अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम: अॅसिड आणि कॉस्टिकवाले क्लीनर दोन्ही वर्ज्य, नुसता न्यूट्रल शॅम्पू. आयर्न रिमूव्हर आधी मागच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर मिनिटभर लावून पाहा. रंगीत अॅनोडाइज्ड नटांनाही हाच नियम.

१२. चाकांना सिरॅमिक कोटिंग करून घ्यावं का?

हो. हा चाकावर सुकून कडक होणारा पारदर्शक संरक्षक थर. बॉडीपेक्षा चाकांवर त्याचा फायदा लवकर दिसतो. पूड पडायची थांबत नाही, पण चिकटते कमी, आणि बरीचशी पाण्यानेच निघून जाते. साधं कार्नोबा वॅक्स ८०-८५ अंशांना वितळतं, त्यामुळे चाकांवर ते फार टिकत नाही.

करायचंच तर चाकं काढून बॅरलसकट करा. धुणं, आयर्न रिमूव्हर, क्ले, लागलं तर पॉलिश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, मग कोटिंग. घाईत खाली राहिलेलं लोखंड कोटिंगच्या आतच गंजत राहतं. नंतर निदान १२ ते २४ तास पाणी लागू देऊ नका. पावसाळ्यात बंद जागा नसेल तर थांबलेलं बरं. कोटिंग केलं म्हणून महिनाभर धुवायचं नाही, असा अर्थ काढू नका.

१३. एकच चाक काळंकुट्ट, बाकी तीन ठीक. का?

इथे धुणं बाजूला ठेवा आणि ब्रेक बघा. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन अडकलेला असेल किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन सुकलेली असेल तर पॅड डिस्कला सतत टेकून राहतो. दहा-पंधरा मिनिटं कमी ब्रेक वापरत चालवा, थांबा आणि चाकाला न लावता हात जवळ न्या. किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंच्या डिस्क मोजा. एक बाजू स्पष्टपणे गरम, करपट वास, गाडी एका बाजूला ओढते: गॅरेज गाठा.

उलट प्रकार जास्त फसवा. एक चाक आपोआप स्वच्छ राहतंय म्हणून मालक खूश असतो, आणि त्या चाकाचा ब्रेक कामच करत नसतो. काजळीत तेलकट ओल दिसली तर गळती शोधा: ब्रेक फ्लुइड किंवा एक्सलचं ग्रीस.

१४. कमी पूड पडणारे सिरॅमिक पॅड लावले तर?

पूड कमी होते, आणि फिकट असल्याने दिसतेही कमी. (हे पॅड साध्या लोखंडी डिस्कसाठीचे. कार्बन-सिरॅमिक डिस्कशी गल्लत नको.) बदल्यात पहिला चावा (ब्रेक दाबताच मिळणारी पकड) थोडा सौम्य लागतो आणि ट्रॅकवर किंवा लांब उतारावर काही पॅड लवकर दमतात. शहरात आणि एक्सप्रेसवेवर चालणाऱ्या गाडीला चालतील. ट्रॅकवर नेत असाल तर काळी चाकं सोसा.

पॅड नेहमी एका अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना बदला. डिस्कवर जुन्या पॅडचा थर असतो, तो साफ करून घ्या नाहीतर नवे पॅड थरथरतात. मग बेडिंग, म्हणजे नवे पॅड डिस्कवर बसवणं: मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता चालवत गार करा. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. पहिले काही शे किलोमीटर पूड जास्तच पडेल. त्यावरून पॅड नापास करू नका.

१५. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्क नारिंगी आणि पहिल्या ब्रेकला कर्रर्र आवाज. काही बिघडलं?

नाही. कास्ट आयर्न उघडं असतं, एका रात्रीत गंजाचा पापुद्रा येतो आणि दोन-चार ब्रेकमध्ये जातो. म्हणूनच धुऊन लगेच गाडी उभी करू नका: दोन-तीन किलोमीटर फिरवून, हलके ब्रेक लावून डिस्क सुकवा. ओल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून आठवडाभर ठेवली तर पॅड चिकटू शकतात.

१६. धुतल्यापासून शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं.

बॅरलमधलं चिकटवलेलं वजन निघालं असावं. आत चौकोनी गोंदाचा ठसा दिसतो का बघा. ठसा नसेल तर एखाद्या कप्प्यात चिखल अडकलाय का पाहा. दोन्ही नसेल तर बॅलन्सिंग तपासा.

१७. आतून धुवायला चाक काढायचं आहे. काय सांभाळू?

सपाट जागा, कंपनीने सांगितलेला जॅक पॉइंट, आणि जॅकच्या भरवशावर न राहता स्टँड. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. ९९१ आणि ९९२ पिढीच्या ९११ च्या पाच बोल्टना १६० न्यूटन-मीटर लागतो. ९९१ जीटी३ च्या सेंटर लॉकला (चाक धरणाऱ्या मधल्या एकाच मोठ्या नटाला) ६००, आणि तो घरच्या पान्याने होणारा प्रकार नव्हे. बोल्टवर मनाने ग्रीस चोपडू नका, टॉर्कचा आकडा खोटा ठरतो. ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा.

१८. माझ्या गाडीला कार्बन-सिरॅमिक ब्रेक आहेत. माझी इलेक्ट्रिक आहे. मलाही हे सगळं लागू?

कार्बन-सिरॅमिक डिस्क फारच कमी झिजते आणि गंजतही नाही, त्यामुळे पूड नगण्य. पोर्शेत हे पिवळ्या कॅलिपरवरून ओळखता येतात, पण काही गाड्यांना काळेही असतात. डिस्कवर क्लीनर जाऊ देऊ नका, भरपूर पाणी मारा आणि ब्रेक लावत सुकवा. पहिला ओला ब्रेक जरा उशिरा पकडतो. चाक काढता-घालताना ते डिस्कच्या कडेवर आपटलं तर टवका उडतो आणि बिल लाखांत जातं, म्हणून चाकाला सरळ सरकवणाऱ्या दोन गाइड पिन लावल्याशिवाय चाक काढू देऊ नका.

पोर्शेत पांढरे कॅलिपर म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेली डिस्क. २०१७ च्या कायेनबरोबर ती आली. पूड ९० टक्क्यांपर्यंत कमी, असं पोर्शे सांगते. टायकानसारख्या इलेक्ट्रिक गाडीत रोजचं बहुतेक ब्रेकिंग मोटर करते. तिथे पूडीऐवजी साध्या डिस्कचा गंज सांभाळावा लागतो, म्हणून अधूनमधून मागे कोणी नसताना जोरात ब्रेक लावा.

१९. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) आहे. आधी-नंतर काय करू?

आधी कोटिंग किंवा सीलंट (संरक्षक लेप). नंतर ब्रेक गार झाले की त्याच दिवशी चाकं धुवा. रेसिंग पॅडची पूड तापून लॅकरला घट्ट चिकटते आणि ओल लागून वाळली की भाजल्यासारखे डाग पडतात. संध्याकाळी अर्धवट पाणी मारून सोडून देणं सर्वात वाईट. धुवायचं तर पूर्ण, नाहीतर कोरडी राहू द्या.

२०. ही पूड नाकातोंडात गेली तर?

ती आत न गेलेलीच बरी. कोरड्या पूडीवर कॉम्प्रेसरची हवा कधीच मारू नका. जुने किंवा अनोळखी बनावटीचे पॅड असतील तर त्यात अॅस्बेस्टॉसही असू शकतो. पाण्याने भिजवून मगच काम करा. पॅड बदलताना एन९५ मास्क घाला.

नियमही आता याकडे वळले आहेत. युरोपच्या युरो ७ या वाहन-प्रदूषणाच्या नियमांमध्ये प्रथमच ब्रेकमधून हवेत जाणाऱ्या कणांवर मर्यादा आली आहे: पेट्रोल-डिझेल कारना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, इलेक्ट्रिकना ३. कॅलिफोर्नियात तांबं नाले-खाड्यांत उतरतं म्हणून २०२१ पासून नव्या पॅडमध्ये ते ५ टक्क्यांच्या आत, आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवावं लागतं.

२१. चाकाच्या आत बसवायच्या पत्र्याच्या डस्ट शील्ड मिळतात. लावू का?

स्पोर्ट्स कारला नको. त्या पूड अडवतात, पण हवाही अडवतात. घाटात किंवा ट्रॅकवर ब्रेकला गार व्हायला तीच हवा लागते.